बेटाचं विमान नफ्यात चालायलाच हवं का?

२२ एप्रिल २०२० ला एअर मॉरिशस ही मॉरिशस या बेटाची विमान कंपनी, बुडू नये म्हणून, प्रशासकांच्या ताब्यात गेली. कोविडमुळे सगळी विमानं जमिनीवर होती, पैसा येत नव्हता, देणी थांबत नव्हती. तेव्हा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी एकच सूर लावला, की जेमतेम १२-१३ लाख लोकांच्या देशाला स्वतःची विमान कंपनी हवीच कशाला, एमिरेट्स जातंय, एअर फ्रान्स जातंय, ज्याला जायचंय तो त्यांच्या विमानाने जाईल, सरकारने हा पांढरा हत्ती पोसायचं सोडून द्यावं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही. पण नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही, कारण द्यायला हवं, आणि ते कारण मला या कंपनीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत सापडतं.

एअर मॉरिशसची स्थापना झाली १४ जून १९६७ ला. म्हणजे देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता, स्वातंत्र्य मिळालं १२ मार्च १९६८ ला. आता जरा तेव्हाचं मॉरिशस डोळ्यांसमोर आणा. लोकसंख्या आठ लाखांच्या घरात, उत्पन्न म्हणजे ऊस आणि ऊस, १९६० च्या कॅरोल चक्रीवादळाने घरं आणि पिकं दोन्ही झोपवलेली, हाताला काम नसलेली तरुण पोरं गावोगाव. पुढे ज्यांना नोबेल मिळालं त्या जेम्स मीड या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये या बेटाच्या अर्थव्यवस्थेवर अहवाल दिला होता आणि त्याचा सूर काही आशेचा नव्हता. पर्यटक म्हणाल तर १९७० सालीसुद्धा वर्षाला ३० हजारांच्या आतच. अशा ठिकाणी विमान कंपनी काढायची म्हणजे धाडसच.

पण त्यांनी ती काढली कशी, ते बघण्यासारखं आहे. मॉरिशसचं सरकार, एअर फ्रान्स, ब्रिटिशांची बीओएसी ही विमान कंपनी आणि रॉजर्स ही तिथली जुनी कंपनी, असे सगळे मिळून भागीदार. पुढाकार अमेदे मेंगार यांचा, जे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे गुप्त हस्तक म्हणून फ्रान्समध्ये लढले होते आणि परत आल्यावर १९५२ पासून हॉटेलच्या धंद्यात उतरले होते. आणि कंपनी काढल्यावर पहिली पाच वर्षं त्यांच्याकडे विमानच नव्हतं! पाच वर्षं! कंपनीचं काम काय, तर मॉरिशसच्या प्लेझान्स विमानतळावर दुसऱ्यांची विमानं उतरतील त्यांना शिडी लावायची, बॅगा उतरवायच्या, काउंटर सांभाळायचे, तिकिटं बघायची. नावात एअर आहे आणि हवेत काहीच नाही, अशी ती पाच वर्षं. मला या पाच वर्षांबद्दल फार आदर आहे, कारण विमान कंपनीचं बरंचसं काम जमिनीवरच असतं आणि ते आधी शिकून घ्यायचं, पैसे उधार काढून विमान विकत घेऊन मिरवायचं नाही, एवढा संयम नव्या देशांकडे फार कमी वेळा दिसतो. नवा झेंडा, नवं राष्ट्रगीत आणि शेपटीवर झेंडा रंगवलेलं जेट ही त्या काळातली ठरलेली वाट होती.

मग १९७२ उजाडलं आणि पहिलं विमान आलं. तेही स्वतःचं नाही. एअर मादागास्करकडून भाड्याने घेतलेलं पायपर नवाहो, दोन पंख्यांचं, सहा सीटचं. आणि ते उडालं कुठे? लंडनला नाही, पॅरिसला नाही, शेजारच्या रियुनियन बेटालाही नाही. ते उडालं रोड्रिग्जला.

रोड्रिग्ज हे मॉरिशसचंच एक छोटं बेट, पूर्वेला साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, १०८ चौरस किलोमीटर, तेव्हा जेमतेम २५ हजार माणसं. कोळी, शेतकरी, शेळ्या-मेंढ्या पाळणारे, बहुतेक सगळे आफ्रिकन वंशाचे क्रिओल आणि कॅथलिक. तिथून मुख्य बेटावर यायचं तर बोट, महिन्यातून मोजक्या फेऱ्या, दीड दिवस लागायचा आणि समुद्र खवळलेला असला तर किती ते समुद्रच ठरवणार. बाई बाळंतपणात अडली, कोणाचं अपेंडिक्स फुटलं, तर बोटीची वाट बघत बसायचं. आणि ह्याच बेटाने १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूच्या आघाडीला जवळजवळ मतच दिलं नव्हतं, प्रचंड बहुमताने विरोधी पक्षाला कौल दिला होता. त्यांना भीती होती की आपल्याला नव्या देशात कोणी विचारणार नाही. त्या लोकांपर्यंत नव्या देशाने पहिलं विमान नेलं.

आता इथे कोणी म्हणेल की ती मजबुरी होती, लांबचे मार्ग आधीच भागीदारांच्या हातात होते, रिकामं होतं ते रोड्रिग्जच. खरंय, ते मी नाकारत नाही. एअर फ्रान्सला आणि बीओएसीला स्वतःच्या मार्गावर स्पर्धक नकोच असणार. पण मजबुरीतून का होईना, कंपनी उडायला शिकली ती अशा मार्गावर जिथे नफ्याचा प्रश्नच नव्हता. विचार करा, सहा सीट, खाली सलग समुद्र, रोड्रिग्जवर ढग उतरले तर आसपास दुसरा विमानतळ नाही, थेट परत फिरायचं, म्हणजे जाताना परतीचं इंधनही घेऊनच जायचं. एवढ्या लहान विमानात बॅगांबरोबर माणसांचंही वजन बघून कोण कुठे बसणार ते ठरवावं लागतं. अशा मार्गावर कुठला व्यापारी पैसा लावेल? कोणीच नाही. आणि म्हणूनच तो मार्ग चालवायला कोणीतरी आपलं लागतं.

मी काही वर्षांपूर्वी कामासाठी मॉरिशसला होतो तेव्हा सुट्टी जोडून रोड्रिग्जला गेलो होतो. आता तिथे एटीआर जातं, पंख्यांचंच पण मोठं, दीड तासात पोचवतं. जाताना माझ्या शेजारी एक बाई होत्या, मांडीवर एक्स-रेचा तो मोठा खाकी लिफाफा, अख्ख्या प्रवासात त्यांनी तो खाली ठेवला नाही, दुमडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलेला. मुलाच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं मुख्य बेटावर, मुलगा पलीकडे खिडकीशी, प्लास्टर घातलेला पाय पुढे पसरून. विमान उतरायला लागलं तसं प्रवाळाच्या पांढऱ्या पठारावरची छोटीशी धावपट्टी दिसली आणि मुलाने आईचा हात ओढून खाली दाखवलं. परतीच्या विमानात वेगळाच प्रकार, प्रत्येकाच्या हातात मिरची-लिंबाच्या लोणच्याच्या बाटल्या, मध, राजम्याच्या पिशव्या, वाळवलेलं ऑक्टोपस, अख्ख्या केबिनला त्याचा वास. आपल्याकडे गणपतीनंतर कोकणातून मुंबईला परतणाऱ्या एसटीत नारळ, कोकमं, सुकट असते ना, तंतोतंत तसंच. ते बघितल्यावर मला कळलं की हे विमान नाही, ही त्यांची एसटी आहे. आणि एसटी नफ्यात आहे का, हा प्रश्न आपण विचारतो जरूर, पण गावाचा रस्ता बंद करा असं कोणी म्हणालं तर आपण त्याला गावात फिरकू देणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बेटासाठी विमान हा रस्ता आहे. रस्त्याचा खर्च बघायचा, उधळपट्टी पकडायची, कंत्राटदाराला जाब विचारायचा, सगळं करायचं, पण रस्ता फायद्यात आहे का यावरून त्याचं जगणं-मरणं ठरवायचं नाही.

लांबच्या मार्गांकडेही त्याच नजरेने बघायला हवं. १९७३ मध्ये कंपनीने लंडनला सेवा सुरू केली, नैरोबीमार्गे, ब्रिटिश एअरवेजचं, म्हणजे त्याच बीओएसीच्या पुढच्या अवताराचं, व्हीसी-१० जेट घेऊन. याला वेट लीज म्हणतात, म्हणजे विमान त्यांचं, पायलट त्यांचे, देखभाल त्यांची, आपण फक्त नाव, तिकीट आणि प्रवासी आणायचे. एअर इंडियाच्या सहकार्याने मुंबईही त्याच सुमारास जोडली गेली, आणि पुढे एअर इंडियाही भागीदार झाली. १९७५ ला नवाहोच्या जागी ट्विन ऑटर आलं, १९७७ ला भाड्याचं बोइंग ७०७. एकेक पायरी. कोणाला हे भाडेकरूचं जिणं वाटेल, पण यातून एक गोष्ट मिळाली जी पैशात मोजता येत नाही. दोन देशांमध्ये किती विमानं उडणार, कोणत्या दिवशी, कोणत्या शहरातून, हे त्या काळी सरकारं आपसात करार करून ठरवायची, आणि त्या टेबलावर तुमची स्वतःची कंपनी नसेल तर तुमच्याकडे देवाणघेवाण करायला काहीच नसायचं. पॅरिसवाले पॅरिसच्या सोयीने येणार, लंडनवाले लंडनच्या. रोड्रिग्जला त्यातलं कोणीच येणार नाही, आणि मुंबईला तर कशाला कोण नेईल?

मुंबईचं मी मुद्दाम सांगतोय. १८३४ पासून जे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, मॉरिशसला गेले त्यात आपल्या कोकणातली, रत्नागिरीच्या बाजूची माणसं बरीच होती, मुंबई बंदरातून बोटीत बसून गेलेली, त्यातली बहुतेक परत आलीच नाहीत. आज तिथे मराठी शाळेत शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या कास्काव्हेल गावात मला एक आजोबा भेटले, बोलणं तिथल्या क्रिओल भाषेत, मधूनच एखादा मराठी शब्द, देवघरात विठ्ठल. ते सत्तरच्या दशकात पहिल्यांदा मुंबईला आले ते विमानाने. हातात फक्त पणजोबांच्या नोंदीची नक्कल, स्थलांतरितांच्या जुन्या दप्तरातली, त्यात बापाचं नाव, गाव, बोटीचं नाव. मुंबईहून एसटीने रत्नागिरी, तिथून विचारत विचारत गाव. गावाचं नाव साहेबाने इतकं वेडंवाकडं लिहिलेलं की तीन गावं फिरून चौथ्यात पत्ता लागला. घर नव्हतं, भावकी होती. हे सांगताना त्यांनी तो कागद मला दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. शंभर वर्षांत त्यांच्या घरातलं कोणी परत आलं नव्हतं, आणि आलं ते कधी, तर विमान सुरू झाल्यावर. हे कुठल्या ताळेबंदात लिहायचं, सांगा.

आता दुसरी बाजू. स्वतःची विमान कंपनी म्हणजे बेटाचं भलंच होतं असं मी म्हणत नाही, आणि असं म्हणणाऱ्याने नाउरूकडे बघावं. पॅसिफिकमधलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, तेही १९६८ लाच स्वतंत्र झालं, ३१ जानेवारीला, मॉरिशसच्या दीड महिना आधी. फॉस्फेटच्या खाणींमुळे हातात रग्गड पैसा. १९७० मध्ये त्यांची एअर नाउरू उडायला लागली तीच मुळी डासो फाल्कन या जेट विमानाने, मग फोकर, मग बोइंग ७३७, ७२७. काही वर्षांतच एवढी जेट विमानं झाली की बेटावरची दहा टक्के माणसं एका वेळी हवेत मावली असती. विमानं जायची, यायची, बहुतेक सीट रिकाम्या. फॉस्फेट संपत आलं, पैसा संपला, आणि डिसेंबर २००५ मध्ये उरलेलं एकमेव ७३७ कर्ज थकलं म्हणून ऑस्ट्रेलियात जप्त झालं. बेटावरच्या माणसांना बाहेर पडायला स्वतःचं काही उरलं नाही. पुढे तैवानच्या मदतीने सेवा परत सुरू झाली ती वेगळी गोष्ट.

दोन्ही बेटं एकाच वर्षी स्वतंत्र झालेली, दोघांनाही विमान हवं होतं. एकाने आधी बॅगा उचलायला शिकून, सहा सीटपासून सुरुवात केली, दुसऱ्याने थेट जेट घेतलं. मग चूक विमान कंपनी असण्यात कशी? चूक झाली ती ऐपत आणि गरज न बघता विमानं घेण्यात. नाउरूचं उदाहरण देऊन लोक म्हणतात बघा, छोट्यांनी या भानगडीत पडू नये, आणि मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं की अहो, त्याच नाउरूला आजही विमान लागतंय आणि आजही त्यांचं स्वतःचंच आहे, कारण दुसरं कोणी तिथे सेवा चालवायला पुढे येत नाही.

मॉरिशसनेही सगळं बरोबर केलं असं नाही. दोन गोष्टी मला खटकतात आणि त्या लपवून ठेवल्या तर माझं म्हणणं लंगडं पडेल. पहिली म्हणजे १९८४ मध्ये त्यांनी बोइंग ७४७ एसपी भाड्याने घेतलं ते साउथ आफ्रिकन एअरवेजकडून, म्हणजे वर्णभेद ऐन जोरात असताना. बहुतेक आफ्रिकी देश त्या कंपनीला आपल्या आकाशात येऊ देत नव्हते, आणि ज्या बेटावर गुलामांची आणि गिरमिटियांची मुलं राहतात त्या बेटाने तिच्याशी व्यवहार केला. जवळचा बाजार तोच, पर्यटक तिथलेच, विमान स्वस्तात मिळत असणार, हे सगळं समजतं, तरी नाही पटत. दुसरी गोष्ट जास्त दिवस चाललेली. आपली कंपनी टिकावी आणि महागडं पर्यटन राहावं म्हणून मॉरिशसने कित्येक वर्षं चार्टर विमानांना, म्हणजे सहल कंपन्या अख्खी भाड्याने घेतात त्या स्वस्त विमानांना, दारच उघडलं नाही. त्याने हॉटेलवाल्यांचं साधलं, कंपनीचं साधलं, पण तिकिटं महाग राहिली आणि त्याची झळ बसली ती साध्या मॉरिशियन माणसाला, ज्याला लंडनमध्ये नर्स असलेल्या मुलीकडे जायचंय किंवा आयुष्यात एकदा पंढरपूर बघायचंय. रस्ता आहे म्हणायचं आणि टोल असा लावायचा की गाववाल्यालाच परवडू नये, हे चालणार नाही. टीकाकारांचा हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

आणि मग अभिमान चढतो. एप्रिल १९८८ मध्ये एअर मॉरिशसचं नवं कोरं बोइंग ७६७ कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून न थांबता थेट मॉरिशसला आलं, जवळजवळ १४ हजार किलोमीटर, दोन इंजिनांच्या प्रवासी जेटसाठी तो तेव्हा जागतिक विक्रम होता. सोळा वर्षांपूर्वी सहा सीटचं उसनं विमान उडवणाऱ्या कंपनीने हे केलं, त्यांना अभिमान वाटला असेल तर तो रास्तच आहे, मला वाचतानाही वाटतो. पण पुढे २०१७ मध्ये एअरबस ए-३५० आली, मग ए-३३० निओ, मोठी महागडी विमानं, मोठे हप्ते, आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळं एकदम थांबलं. कोविडने कोणाला सोडलं नाही हे खरंय, पण मोठ्या हप्त्यांचं ओझं डोक्यावर असताना पडणं वेगळं आणि हलक्या अंगाने पडणं वेगळं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी पैशाने कंपनी उभी राहिली, दरम्यान नोकऱ्या गेल्या, पगार कापले गेले, आणि ते सगळं शेवटी कर भरणाऱ्यानेच सोसलं.

म्हणून मला वाटतं की कंपनी विकायची का ठेवायची हा वादच चुकीच्या जागी चाललाय. खरा घोळ हिशोबाचा आहे. रोड्रिग्जची फेरी, जी रस्ता आहे, आणि पॅरिसची बिझनेस क्लासची सीट, जी धंदा आहे, दोन्ही एकाच वहीत लिहिलं जातं. मग नफा झाला की रोड्रिग्जमुळे तो कमी दिसतो, आणि तोटा झाला की मोठ्या विमानांची चूक रोड्रिग्जच्या आडोशाला लपते, कारण मंत्री लगेच म्हणू शकतो की आम्ही लोकसेवा करतो ना.

रस्ता की धंदा, हा प्रश्न आपल्या कोकणातही येतो. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, केंद्र सरकारच्या उडान योजनेतून. त्या योजनेत तेव्हा विमान कंपनीला तोटा भरून द्यायची मुदत होती तीन वर्षं. ठरलेल्या मुदतीनंतर मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, अशी अपेक्षा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रस्ता आहे, कोकण रेल्वे आहे, त्यामुळे तिथे मुदत घालणं मी समजू शकतो, कोणी अडकून पडत नाही. पण हीच तीन वर्षांची फूटपट्टी समुद्रात साडेपाचशे किलोमीटर आत असलेल्या बेटाला लावली तर? रोड्रिग्जच्या मार्गाला १९७२ पासून पन्नासहून जास्त वर्षं झाली. तीन वर्षांनी बंद केला असता तर १९७५ चं ट्विन ऑटर आलंच नसतं.

तेव्हा दोन वह्या करा. रोड्रिग्जचा खर्च सरकारच्या दळणवळणाच्या खात्यात उघडपणे दाखवा, दर वर्षी संसदेत मंजूर करा, भाडं रोड्रिग्जच्या माणसाला परवडेल असं बांधून द्या आणि त्यावर त्यांच्या प्रादेशिक सभेचं लक्ष राहू द्या, २००२ पासून त्यांना स्वायत्तता आहेच. लांबच्या मार्गांना मात्र सवलत देऊ नका, तिथे दुसऱ्या कंपन्या येऊ देत, तिकिटं उतरू देत, आणि पुढचं मोठं विमान घ्यायच्या आधी संचालकांनी ते भाड्याने का चालणार नाही हे लेखी द्यावं. मुंबईचा मार्ग या दोन्ही वह्यांच्या मधे कुठेतरी बसतो हे मला मान्य आहे, त्यावर माझं अजून पक्कं मत नाही. कास्काव्हेलच्या आजोबांची नात आता पुण्यात शिकते, आणि वर्षातून एकदाच घरी जाते, कारण दोनदा जायचं तर तिकीट परवडत नाही.